लाकडाची तहान

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे एक गाव. शहर चोहोंकडून वाढत आले आणि ते त्याच्या पोटात सामावले. जवळच १९६९ साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठ स्थापन झाले. गावातील अरुंद गल्ल्यांतल्या भाड्याच्या खोल्यांत दूरदूरचे विद्यार्थी राहू लागले. ईशान्येकडील राज्यांतून येणाऱ्या तरुणांच्या सामानात पुष्कळदा एक गिटार असते. दमट डोंगरी हवेला सरावलेले ते वाद्य मे महिन्यात दिल्लीची लू सोसू लागते. आणि एके दिवशी पट्टीवरून हात फिरवताना बोटांना काहीतरी बोचते.

बोचतात ती पडद्यांची टोके. सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. ते सरकवता येतात. गिटारचे धातूचे पडदे मात्र पट्टीच्या लाकडातील खाचांत ठोकून बसवलेले असतात. हवा कोरडी झाली की लाकूड आपली ओल तिला देऊन टाकते आणि आकसते. लांबीत फारच थोडे, रुंदीत अधिक. धातू तसा आकसत नाही. म्हणून त्याची टोके कडेबाहेर डोकावतात. कोरडेपणा वाढल्यास लाकडाला चीरही जाते.

अशा वेळी पहिला हात जातो तो तेलाच्या बाटलीकडे. पण लाकडाची तहान पाण्याची असते, तेलाची नव्हे. तेलाने तकाकी येते आणि ओल निघून जाण्याचा वेग थोडा मंदावतो, इतकेच. खोबरेल कालांतराने खवट होते. जवसाचे तेल वाळून त्याचा थर धरतो. वाद्यांसाठी मिळणारे शुद्ध खनिज तेल बरे. तेही वर्षातून एकदोनदा, थेंबाथेंबाने.

स्वच्छतेची वेळ तारा बदलण्याची. जुन्या तारा सैल करून काढाव्यात. मऊ, कोरड्या फडक्याने पट्टी पुसावी. पडद्यांच्या कडेला साचलेला घामाचा मळ जुन्या दातांच्या ब्रशाने हलकेच सोडवावा. न निघाल्यास घट्ट पिळलेले ओलसर फडके फिरवून लगेच कोरडे करावे. मग तेलाचे मोजके थेंब चोळून, काही मिनिटांनी सारे पुसून घ्यावे. हे शिसवी किंवा आबनुसी पट्टीसाठी. मेपलच्या फिकट पट्टीवर बहुधा रोगणाचा थर असतो. तिला तेल लावू नये, नुसते पुसावे.

खरी निगा मात्र हवेची. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, असे सामान्यतः मानतात. दिल्लीत उन्हाळ्याचा कोरडेपणा आणि श्रावणातला दमटपणा यांत दोनतीन महिन्यांचेच अंतर असते. म्हणून वाद्य भिंतीवर टांगण्यापेक्षा पेटीत ठेवावे. उन्हाळ्यात भोके पाडलेल्या डबीत ओलसर स्पंज घालून ती पेटीत ठेवावी, पावसाळ्यात काढावी. कूलरच्या झोतात किंवा हिवाळी शेगडीजवळ वाद्य उभे करू नये. टोके बोचू लागली तर घाईने कानस चालवू नये. ओल परतल्यावर लाकूड पुष्कळदा आपल्या जागी येते. न आल्यास कारागिराकडे जावे.

गिटार परदेशी खरी. पण तिच्या पट्टीसाठी जगभर वापरले जाणारे शिसव सह्याद्रीच्या रानांतही वाढते. झाड तोडले तरी त्याचे हवेशी नाते तुटत नाही. ते नाते सांभाळणे, हीच वाद्याची खरी निगा.