किल्ली आणि काटा

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या पेढीने निराला बाजारात दुसरे दुकान काढले, की तेथील किल्ली व्यवस्थापकाच्या हाती जाते. मालक एकाच गादीवर बसू शकतो. रोकड जुळवणे, साठा नोंदवहीशी ताडणे, मुदत संपलेला माल वेगळा काढणे, नोकरांच्या सुट्ट्या सांभाळणे ही व्यवस्थापकाची नित्यकर्तव्ये. परंतु खरी कसोटी काट्यापाशी लागते. इलेक्ट्रॉनिक काट्याची शासकीय फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी बंधनकारक आहे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी खोट्या मापाला अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानले आहे. माप व्यवस्थापकाने मारले, तरी नफा पेढीतच जमा होतो. म्हणून विक्रीचे लक्ष्य देणाऱ्या मालकाने चोख मापाचीही आज्ञा द्यावी आणि अधूनमधून ग्राहकाच्या बाजूने काटा पाहावा.