खचलेले काँक्रीट उचलावे कसे?

सिल्वासाच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर साकरतोड नदीकाठी वसलेल्या खानवेलच्या डोंगराळ परिसरात वर्षाला साधारण २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. अशा उताराच्या जागी अंगण, गोदाम किंवा रस्ता करताना चढाकडची माती कापून उताराकडे टाकली जाते, त्यामुळे काँक्रीटचा एक भाग मूळच्या घट्ट जमिनीवर, तर दुसरा भरावावर टेकतो. भरावातील मुरूम थराथराने पाणी मारून धुम्मसाने किंवा रोलरने दाबलेला नसेल, तर झिरपणारे पाणी त्यातले बारीक कण वाहून नेते, खाली पोकळी होते आणि ती बाजू खचते. हातोडी मारल्यावर येणारा बद्द आवाज पोकळीची जागा सांगतो, तर गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल ट्यूब खचण्याचे माप देते.

सिमेंट ग्राउटिंग ही जुनी पद्धत अमेरिकेतील रस्त्यांवर १९३०च्या दशकापासून रूढ आहे. तीत सुमारे ४० ते ५० मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडून सिमेंट, माती किंवा वाळू यांचे पातळ मिश्रण पंपाने खाली दाबतात आणि काँक्रीट तडकू नये म्हणून आळीपाळीने एकेका छिद्रातून थोडे थोडे उचलतात. साहित्य स्वस्त व सहज मिळणारे असले, तरी ते घट्ट व्हायला वेळ लागतो आणि त्याचे वजन आधीच कमकुवत असलेल्या भरावावर पडते.

पॉलियुरेथेन फोमच्या पद्धतीत दोन द्रव रसायने सुमारे १६ मिलिमीटरच्या छिद्रातून सोडली जातात. ती एकत्र येताच काही सेकंदांत फुगतात आणि काँक्रीट वर ढकलतात. फोम अतिशय हलका असतो आणि थोड्याच वेळात वाहतूक सुरू करता येते, म्हणून काम थांबवणे न परवडणाऱ्या कारखान्यांना तो सोयीचा ठरतो. मात्र तो महाग असतो, जास्त उचललेले काँक्रीट पुन्हा खाली घेता येत नाही आणि त्यातील आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना घातक असल्याने कामगारांना योग्य मास्क अनिवार्य आहे.

काँक्रीटचे अनेक तुकडे झाले असतील, तर ते फोडून, भराव पुन्हा दाबून नव्याने ओतणेच योग्य. घराचा पाया खचला असेल, तर यांपैकी कोणताही उपाय करण्याआधी स्थापत्य अभियंत्याची तपासणी हवी.

तथापि, पागोळ्यांचे आणि चढावरून येणारे पाणी गटाराने बाजूला वळवले नाही, तर कोणत्याही पद्धतीवरचा खर्च पुढच्या पावसाळ्यात वाया जाण्याचा धोका राहतो. म्हणून आधी पाण्याला वाट करून द्यावी आणि मगच काँक्रीट उचलावे.