कर्ता हरवलेली वाक्यं
(लेखमाला : ज्याचं त्याचं इंग्रजी – लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण जर्मन माणसाचं इंग्रजी पाहिलं. या वेळी पाळी स्पॅनिशची. २० देशांची अधिकृत भाषा आणि जवळजवळ ५० कोटी लोकांची मातृभाषा. माद्रिदचा संशोधक, बोगोटाचा वकील आणि लॉस एंजेलिसच्या शाळेत नव्याने दाखल झालेली मेक्सिकन मुलगी यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो, तरी इंग्रजी लिहिताना तिघंही नेमकी त्याच ठिकाणी अडखळतात.

ते ठिकाण म्हणजे वाक्याची सुरुवात. 'इज इंपॉर्टंट टु रिमेंबर', 'इज रेनिंग' अशी वाक्यं त्यांच्या वहीत हमखास सापडतात. यातला 'इट' गेला कुठे? स्पॅनिशमध्ये तो मुळात नव्हताच. 'आब्लो' म्हणजे मी बोलतो, 'आब्लास' म्हणजे तू बोलतोस. कर्ता क्रियापदाच्या प्रत्ययातच कळतो, वेगळा लिहिला तर उगाच जोर दिल्यासारखं वाटतं. आपणही 'काल पुण्याला गेलो होतो' एवढंच म्हणतो, 'मी' लागत नाही. पण स्पॅनिश आपल्याही पुढे जाते. आपल्या 'पाऊस पडतोय'मध्ये निदान पाऊस हा कर्ता आहे, तिथे 'यूएवे' या एका क्रियापदात सगळं आटोपतं. इंग्रजीला मात्र ती जागा रिकामी ठेवलेली खपत नाही, मग तिथे बसवलेल्या 'इट'ला काही अर्थ नसला तरी बेहत्तर.

याच सवयीचं जास्त गुंतागुंतीचं रूप शोधनिबंधात दिसतं. स्पॅनिशमध्ये क्रियापद आधी आणि कर्ता मागाहून, ही रचना अगदी रोजची. 'नमुने तपासले गेले' हे 'से आनालिसारोन लास मुएस्त्रास' असं लिहितात, म्हणजे तपासले गेल्याची बातमी पहिली आणि नमुने नंतर. ते तसंच इंग्रजीत उतरलं की 'वेअर अ‍ॅनलाइझ्ड द सॅम्पल्स' होतं. मग केव्हातरी शिक्षक बजावतात, इंग्रजी वाक्याला कर्ता हवाच. विद्यार्थी आज्ञाधारक. तो लिहितो, 'इट वॉज अ‍ॅनलाइझ्ड द सॅम्पल्स'. आता कर्ते दोन झाले!

हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं, कारण ते स्पॅनिश नाही आणि इंग्रजीही नाही. त्याचं मोल कळण्यासाठी थोडं मागे जाऊ. फ्लोरिडात जन्मलेला, स्पेनमध्ये वाढलेला आणि तरुणपणी अमेरिकेत परतलेला रॉबर्ट लाडो हा भाषातज्ज्ञ. 'लिंग्विस्टिक्स अक्रॉस कल्चर्स' हे त्याचं पुस्तक १९५७ साली आलं. दोन भाषांची व्याकरणं शेजारी मांडा, जिथे फरक दिसेल तिथे शिकणारा चुकेल, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. 'इज रेनिंग'ला तो चपखल बसतो. पण दोन कर्त्यांचं ते वाक्य दोन्हीपैकी कुठल्याच व्याकरणातून आलेलं नसतं. शिकणाऱ्याने स्वतःच्या डोक्यात एक नियम रचलेला असतो. १९६७ साली पिट कॉर्डरने हेच मांडलं की, चूक हा शिकणाऱ्याच्या मनात चाललेल्या बांधकामाचा पुरावा आहे. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकरने त्या अधल्यामधल्या भाषेला 'इंटरलँग्वेज' असं नाव दिलं. लाडो त्यामुळे खोटा ठरला नाही, अपुरा ठरला.

आता 'सु' या एका अक्षराकडे वळू. त्याचा, तिचा, त्यांचा आणि आदराने 'आपला', या सगळ्यांसाठी स्पॅनिशमध्ये हाच शब्द. मालक कोण, हे संदर्भावरून ओळखायचं. त्यामुळे 'मारिया कॉल्ड हिज ब्रदर' असं वाक्य लिहिलं जातं. फोन मारियाने स्वतःच्याच भावाला केलेला असतो, पण इंग्रजी वाचणारा तिसऱ्याच पुरुषाचा भाऊ शोधत बसतो. काहींच्या मनात भाऊ पुल्लिंगी, म्हणून 'हिज', असाही हिशेब असतो. मराठी माणसाला हा घोटाळा पटकन कळावा. आपल्या 'तिचा भाऊ'मध्ये 'ति' मालकिणीचं लिंग सांगतो आणि 'चा' भावाचं. इंग्रजीला त्यातलं फक्त पहिलं हवं असतं.

'द'च्या बाबतीत आपण आणि ते विरुद्ध टोकांना. आपल्याकडे असं उपपदच नाही म्हणून आपण ते गाळतो. ते भरपूर घालतात. 'ला विदा एस दुरा', म्हणून 'द लाइफ इज हार्ड'. 'एक्सप्लेन मी' हे मात्र दोघांचं सामायिक. 'मला समजावून सांग' म्हणणाऱ्याला मध्ये 'टु' कशाला हवा, हे कळत नाहीच.

स्पेलिंगमध्ये दुहेरी व्यंजनं छळतात. स्पॅनिशमध्ये सी, आर, एल आणि एन ही चारच व्यंजनं दुहेरी लिहिली जातात. मुलांना ती 'कारोलिना' या नावातून पाठ करून देतात, कारण त्या नावात नेमकी हीच व्यंजनं आहेत. त्यामुळे 'पॉसिबल'मधला एक एस आणि 'ऑफिशियल'मधला एक एफ सहज गळतो. 'इमिजिएट'मधल्या पहिल्या एमच्या जागी एन येतो, कारण घरचा शब्द 'इन्मेदिआतो'. वारांची, महिन्यांची आणि भाषांची नावं स्पॅनिशमध्ये लहान अक्षराने सुरू होतात. ती सवयही इंग्रजीत चालत येते.

स्वल्पविरामाबद्दल मी थोडा त्यांच्या बाजूचा आहे. स्पॅनिश गद्य लांब, वळणावळणाच्या वाक्यांवर प्रेम करतं आणि दोन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामाने जोडायला फारसं बिचकत नाही. इंग्रजी संपादक त्याला सरळ चूक म्हणतो. मला तो नियमापेक्षा अभिरुचीचा प्रश्न जास्त वाटतो.

आकड्यांत मात्र माफी नाही. स्पॅनिश 'बियोन' म्हणजे एक लाख कोटी, इंग्रजी 'बिलियन' म्हणजे १०० कोटी. शब्द जुळे दिसतात, फरक हजार पटींचा. शिवाय स्पेनमध्ये आणि दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच भागात दशांशासाठी स्वल्पविराम लिहितात आणि हजारांसाठी टिंब वापरण्याची सवय आहे. मेक्सिकोत दशांशाला टिंबच असतं. म्हणजे कोणत्या देशातून कागद आला, हे आधी पाहावं लागतं.

'एम्बारासादा' म्हणजे गरोदर, 'एम्बॅरस्ड' नव्हे; 'लिब्रेरीआ' म्हणजे पुस्तकांचं दुकान, 'लायब्ररी' नव्हे. विनोदी किश्शांत या जोड्या सर्वांत पुढे असतात. एकदा हसू झालं की माणूस त्या जन्मभर विसरत नाही, म्हणून त्यांची मला चिंता नाही. स्पॅनिश माणसाचा इंग्रजी मजकूर तपासायचं काम कधी तुमच्याकडे आलं, तर आधी 'हिज', 'हर' आणि 'बिलियन' पाहा. हरवलेला 'इट' नंतर घातला तरी चालेल, त्याच्यावाचून अर्थ अडत नाही.

पुढच्या आठवड्यात : अरबी माणसाचं इंग्रजी.