चतकोर मोठी की तिहाई?
(गणिताच्या वर्गातून : लेखांक 5)

गेल्या आठवड्यात अंश आणि छेद यांची ओळख करून घेताना एक प्रश्न मुद्दाम बाजूस ठेवला होता : आठ हा सहापेक्षा मोठा, असे पहिलीपासून पढविलेल्या मुलाने एकअष्टमांश हा एकषष्ठांशाहून लहान, ही उफराटी गोष्ट कबूल तरी का करावी? मुलाची तक्रार रास्त आहे. ज्या नियमाने आजवर त्याचा हिशेब बिनचूक उतरला, तोच येथे एकाएकी रद्द ठरतो, आणि तोही पुराव्यावाचून.

पुरावा घरातच आहे. महाड-पोलादपूरकडल्या मुलाला, तांदळाची वा नाचणीची भाकरी खात वाढल्यामुळे, चतकोर म्हणजे काय हे शाळेचा उंबरा ओलांडण्यापूर्वीच ठाऊक असते, आणि खाणारे चाराचे सहा झाले की वाट्याचा तुकडा आखडतो, हे तर त्याचे पोटच सांगते. परंतु भाकरी हे साधन जितके जिव्हाळ्याचे तितकेच दगाबाज. थोरल्या भाकरीची चतकोर धाकट्या भाकरीच्या तिहाईहून सहज मोठी भरते. ज्यांचे पूर्ण समान नाही, त्यांच्या हिश्शांची तुलनाच होऊ शकत नाही, ही अट मुलांना अशा फसगतीतूनच पटते, म्हणून माझ्या मते ती फसगत एकदा होऊ द्यावी.

मग एकाच मापाच्या, जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या घ्याव्यात. निम्मे, पाव, अष्टमांश हे घडीवर घडी घालून आपोआप मिळतात. तिहाई मात्र हट्टी आहे. पट्टी सैलसर तीन पदरी दुमडून, कडा सरकवत सरकवत तिन्ही पदर जुळेपर्यंत धीर धरावा लागतो, आणि गुरुजींनी ती घडी स्वतः घालून देण्याचा मोह आवरावा, कारण 'समान भाग' या दोन शब्दांचा अर्थ त्या खटपटीतच दडलेला असतो. पुढे दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश शेजारी मांडले की डोळा निकाल देतोच. पण 'उरले किती?' असे विचारावे. एकीकडे तिहाई उरली, दुसरीकडे चतकोर. जिचे कमी उरले ती पट्टी सरस. चार सप्तमांश आणि पाच नवमांश यांत अंतर अवघे एक त्रेसष्टांश असल्यामुळे तेथे कागद साक्ष देईनासा होतो, आणि समच्छेदाची गरज मुलांनाच भासू लागते.

असा तयार समच्छेद आपल्या आजोबांच्या खिशात होता. रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै, म्हणजे एकूण 192 पै. तिहाई 5 आणे 4 पै, चतकोर 4 आणे, षष्ठांश 2 आणे 8 पै, अष्टमांश 2 आणे. जमिनीच्या दप्तरातही सहहिस्सेदारांचे वाटे आणे-पैंत लिहिले जात. (सातबारा हा मात्र अपूर्णांक नव्हे, ते गाव नमुना 7 आणि 12 यांचे जोडनाव होय.) महाडजवळच्या नाते गावी 1896 साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, 1955 साली, दशमान नाण्यांचा कायदा झाला, आणि 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 नवे पैसे झाले. हिशेब सुलभ झाला यात संशय नाही. तथापि शंभराचे तीन समान वाटे करताना एक पैसा हातात उरतो, आणि तो कोणाच्या वाट्यास घालावयाचा, याचा निवाडा पुढील लेखांकात दशांशांकडून करून घ्यावयाचा आहे.