बार आधी की बिघाड आधी?

स्टँडर्ड हेराल्डला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर तिच्या सांगलीकर मालकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. १९६१ पासून मद्रासला बनू लागलेली ही ९४८ सीसीची गाडी. पण १९६२ च्या ट्रायम्फ स्पिटफायरची चासी हिच्याच चासीवरून काढलेली आणि इंजिनही त्याच घराण्यातलं. पुण्याहून परतताना खंबाटकी चढता चढता तिनं पुढून आणि मागून असे दोन्हीकडून बार काढले. टेम्पोत घालून ती साताऱ्यातल्या एका गॅरेजात आली, तेव्हा मालकाची खात्री झाली होती की बारानंच इंजिन गेलं.

मिस्त्रींनी स्टार्टरला हातही लावला नाही. "आवाज पुढनं आला का मागनं? पाय ॲक्सिलरेटरवर होता का काढला होता?" एवढंच विचारलं. पुढचा बार कार्बोरेटरमधून येतो, मागचा सायलेन्सरमधून; दोघांची कारणं वेगळी. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला चावी बंद करून गाडी गिअरमध्येच सोडणाऱ्यांचे सायलेन्सर फुटायचे ते दुसऱ्या कारणानं: न जळलेलं पेट्रोल नळकांड्यात साठतं आणि चावी लावली की पेटतं. बुलेटचे फटाके वाजवत फिरणारी पोरं हेच मुद्दाम करतात.

एअर फिल्टर काढला. कागदाला एका बाजूनं करपल्याचा डाग. कार्बोरेटरची झडप मात्र सरळ होती, गॅस्केटही शाबूत. सायलेन्सरची शिवण उसवली होती, पण फाटलेल्या कडेवर आतून जुना, पापुद्रे सुटलेला गंज होता. "हे बारानं केलं नाही. बारानं नुसतं उघडं केलं."

मग डिस्ट्रिब्युटरची कॅप. मिस्त्रींनी ती फडक्यानं पुसली, दारात उन्हाला धरली आणि माझ्याकडे दिली. आतल्या बाजूला, एक आणि तीन नंबरच्या पितळी टोकांमध्ये, पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ होती. कार्बनची. या इंजिनाचा फायरिंग क्रम एक-तीन-चार-दोन. एक नंबरला ठिणगी पडायची वेळ येते, तेव्हा तीन नंबर नुकतं पेट्रोल-हवा ओढून घेत असतं आणि त्याचा इनलेट व्हॉल्व्ह अजून मिटलेला नसतो. रेघेवरून ठिणगी तिकडे पळाली की ज्वाळा उलटी कार्बोरेटरकडे. पुढच्या बाराचा हिशोब लागला.

मागच्याचा बाकी होता. कॉम्प्रेशन गेज लावला: तीन सिलिंडर १३० च्या आसपास, तीन नंबर ८५. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा पाहिलं, काटा हलला नाही. म्हणजे रिंगा बऱ्या. तीन नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटतील असा पिस्टन वर आणून तिथं कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि आम्ही सगळे पाठीमागे जाऊन वाकलो. सायलेन्सरमधून सूऽऽ असा आवाज. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला.

"बारानंच ना?" मालक अजून हटेनात.

"अहो साहेब, व्हॉल्व्ह एका बारात जळत न्हाई. टॅपेट बघा की." दहा थाऊची फट हवी, तिथं फिलर गेजचं सगळ्यांत पातळ पातंही शिरेना.

याचं मूळ पेट्रोलपंपावर आहे. फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं. ते रास्तच होतं. पण हेराल्डच्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट हेडमध्येच कातलेली असते, आणि शिशाचा थर तिला सांभाळायचा. तो गेल्यावर, विशेषतः लांब पल्ल्याला जोरात चालवली तर, सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट संपते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, त्याची उष्णता सीटकडे उतरत नाही आणि कड जळते. तिथून गळालेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटलं.

हेड मालकाच्या ओळखीच्या लेथवाल्याकडे सांगलीला गेलं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून या जिल्ह्याला लोखंड कातायची सवय आहे. त्यानं चारही एक्झॉस्ट सीट कापून कडक धातूच्या रिंगा ठोकल्या, नवे व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले आणि हेड उलटं करून त्यात रॉकेल भरून ठेवलं. पोर्टमध्ये थेंब उतरला नाही, तेव्हाच परत दिलं.

साताऱ्यात टॅपेट लावताना मिस्त्री नऊचा नियम पाळत होते: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिल्याची फट बघायची, सातवा असेल तेव्हा दुसऱ्याची. कॅप नवी, प्लगच्या वायरी नव्या. सायलेन्सरला वेल्डिंग मारून भागलं. हजार किलोमीटरनं टॅपेट पुन्हा तपासायला या, असं त्यांनी बिलाच्या मागेच लिहून दिलं, कारण तोंडी सांगितलेलं हे मालक ऐकतील असं त्यांना वाटत नव्हतं.