घारापुरीचा हत्ती भायखळ्यात का?

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून उलव्याच्या बातम्या धावपट्टीच्या, भाड्यांच्या आणि वाढलेल्या दरांच्या. टेकडीचं नाव कुणी काढत नाही. नव्वदेक मीटर उंचीचा तो काळा डोंगर सुरुंग लावून फोडला, खाडीकाठच्या पाणथळ जमिनीत भरला आणि २५ डिसेंबर २०२५पासून तिथून विमानं उडू लागली. वाघिवलीवाड्याचं केरुमातेचं स्थानही त्याच कामात गेलं. तिथे बौद्ध लेणी आहेत, ती राखा, म्हणून लोक भांडले होते. त्यांचं ऐकायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

कारण हाच काळा दगड काय होऊ शकतो, ते न्हाव्याच्या पलीकडे समुद्रात उभं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा बसाल्ट झाला. उलव्याची टेकडी त्याची आणि घारापुरीचं बेटही त्याचंच. सहाव्या शतकाच्या मध्यावर कारागिरांनी तिथला डोंगर आतून पोखरत नेला आणि खांब, छत, देव सगळं जागच्या जागी राखलं. इथे चिरा बसवायचा नसतो, नको तो दगड काढायचा असतो. छिन्नी एकदा चुकली की बदलायला दुसरा दगड नाही. साडेपाच मीटरच्या आसपास उंचीचा सदाशिव असा घडला आहे.

हे कुणी करवलं, ते सांगणारा शिलालेख होता. पोर्तुगिजांनी तो दगड काढून पोर्तुगालला धाडला आणि तो हरवला. इतिहासकार वा. वि. मिराशींनी या लेण्याचं श्रेय कलचुरींना दिलं. बेटावर सापडलेली कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी त्याला बळ देतात, आणि मला हे मत पटतं.

पण मला बोलायचंय ते हत्तीबद्दल. राजबंदराजवळ एका सुट्या कातळातून कोरलेला हत्ती उभा होता. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८१४मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत व्हिक्टोरिया गार्डनला, म्हणजे भायखळ्यातल्या आजच्या राणीच्या बागेत आले. १९१४मध्ये जोडले गेले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर तो आज उभा आहे आणि प्राणी बघायला निघालेली मुलं त्याच्या शेजारून पुढे जातात.

हत्ती फुटल्यानंतर चारच वर्षांनी, १८६८मध्ये, पॅसिफिकमधल्या रापा नुई या ज्वालामुखीच्या बेटावरून ‘टोपाझ’ या ब्रिटिश युद्धनौकेने होआ हाकानानाइआ ही मोआई मूर्ती उचलली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. त्या बेटावर शेकडो मोआई आहेत, तरी तिथल्या लोकांना ही एक परत हवी आहे. २०१८मध्ये त्यांचं शिष्टमंडळ लंडनला जाऊन ती मागून आलं. मूर्ती म्हणजे त्यांना पूर्वज. जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ते हक्काने बोलले.

आपला हत्ती तर भायखळ्यात आहे. मधे समुद्र आहे तो एका लाँचच्या प्रवासाएवढा. तरी घारापुरीवरच्या शेतबंदर, मोरबंदर आणि राजबंदरच्या मुलांना तो बघायला मुंबई गाठावी लागते. या गावांना कायमची वीज मिळाली तीही फेब्रुवारी २०१८मध्ये, समुद्राखालून केबल टाकल्यावर. लेणी मात्र १९८७पासून जागतिक वारसा आहेत.

जोडलेला दगड पुन्हा हलवणं धोक्याचं आहे, हा आक्षेप मी मानतो. मग पुरातत्त्व सर्वेक्षण आणि मुंबई महापालिकेने मिळून हत्तीचं बारकाईने मोजमाप घ्यावं, बसाल्टातच प्रतिकृती कोरून घ्यावी आणि ती राजबंदरला मूळ जागेजवळ उभी करावी. शेजारी १८१४, १८६४ आणि १९१४ची हकीकत मराठीत फलकावर लिहावी. विमानतळामुळे बेटावर पर्यटक वाढतील असं सगळेच म्हणताहेत. तो फलक त्यांच्याआधी लागायला हवा.