दाब उतरल्यावर काय उरते?

नायट्रोजनसमृद्ध धातुसंयुगांचा आढावा घेताना बहुतेक जण दाबाचे आकडे पुढे ठेवतात. माझ्या मते कसोटी वेगळी हवी: हिऱ्याच्या ऐरणींमधला दाब उतरवल्यावर पदार्थ टिकतो का, आणि टिकला तर त्यात वजनाने नायट्रोजन किती? नायट्रोजनचा तिहेरी बंध मोलमागे सुमारे 945 किलोज्यूलचा, एकेरी बंध जेमतेम 160 चा. एकेरी बंध मोडून तिहेरी जुळले की मधला फरक ऊर्जा होऊन बाहेर पडतो. या साऱ्या खटाटोपाचे मूळ तिथे आहे. निव्वळ एकेरी बंधांची नायट्रोजनची जाळी एरेमेट्स यांच्या गटाने माइन्त्झला 2004 मध्ये मिळवली. तिला 110 गिगापास्कलहून अधिक दाब आणि 2000 केल्विनच्या वर तापमान लागले, आणि वातावरणाच्या दाबापर्यंत ती टिकली नाही.

धातू मदतीला येतो तो इथे. तो नायट्रोजनला इलेक्ट्रॉन देतो, तिहेरी बंध सैल होतो आणि साखळ्या किंवा कडी कमी दाबातच जुळतात. सीझियम पेंटाझोलेटला सुमारे 60 गिगापास्कल पुरले. पण सीझियम जड. पाच नायट्रोजन अणूंची कडी असूनही त्या क्षारात वजनाने नायट्रोजन 34 टक्केच. 2018 चे लोहाचे संयुग तर 100 गिगापास्कलच्या पल्याडचे, आणि त्यात निम्मे वजन लोखंडाचे. बंधरचनेच्या अभ्यासाला ते मोलाचे आहे. ऊर्जावान पदार्थ म्हणून त्याचा गाजावाजा मला पटत नाही.

म्हणूनच लिथियमचा मी आग्रह धरत आलो. लानिएल, लुबेर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये लिथियम आणि नायट्रोजन यांपासून थेट, 45 गिगापास्कलला, लिथियम पेंटाझोलेट बनवले. त्यात वजनाने 91 टक्के नायट्रोजन आहे, आणि दाब पूर्ण उतरल्यावरही ते टिकले. पुढच्याच वर्षी मॅग्नेशियमच्या एका संयुगातले चार नायट्रोजन अणूंचे गट असेच वातावरणाच्या दाबापर्यंत आणता आले. या दोन कामांना मी अनेक विक्रमी दाबांहून वरचे स्थान देतो. आज मात्र संगणकाने वर्तवलेल्या रचनांची रीघ लागली आहे. त्यातली किती दाब उतरल्यावर तगतील, याला निबंधात एखादे वाक्य मिळते. हे मला खटकते.

ऐरणींमधून मिळणाऱ्या मायक्रोग्रॅमभर मालाने काय साधणार, हा आक्षेप खरा आहे. पुण्याच्या एचईएमआरएलसारख्या ऊर्जावान पदार्थांच्या प्रयोगशाळेत आघात, घर्षण आणि ठिणगी यांच्या चाचण्यांना ग्रॅमभर तरी पदार्थ लागतो. ऐरणींमधला कण त्यांना पुरणार नाही. उत्तरादाखल कृत्रिम हिऱ्याचे उदाहरण देतात, पण हिरा काही गिगापास्कलमध्ये बनतो. तो कारखान्यात आला म्हणून 45 गिगापास्कलचे रसायन येईल असे होत नाही. माझे उत्तर निराळे आहे. पेंटाझोलेटची तीच कडी 2017 मध्ये नानजिंगच्या रसायनज्ञांनी प्रयोगशाळेतल्या साध्या भांड्यात, साध्या दाबात, क्षाररूपाने वेगळी केली. म्हणजे ती साध्या दाबातही तग धरणारी आहे. भांड्यात मिळालेल्या तिच्या बऱ्याच धातुक्षारांत मात्र पाणी अडकलेले असते, आणि पाणी हा ऊर्जेच्या हिशोबात निव्वळ बोजा. ऐरणींमधला लिथियमचा क्षार निर्जल. त्यामुळे दाबाखालच्या रसायनाने निर्जल क्षाराची रचना आणि तो कुठवर टिकतो याची मर्यादा दाखवावी, आणि भांड्यातल्या रसायनाने तोच क्षार ग्रॅमवारी करावा, अशी वाटणी मला योग्य दिसते. लिथियमपुरती ती आजच सुरू करता येण्याजोगी आहे.